हमीदचाचांच्या आठ तारा

वायर कापण्याआधी हमीदचाचा रुमालाने हात पुसायचे, अगदी केबलच्या टोकाला बसवायच्या एका प्लास्टिकच्या क्लिपसाठीसुद्धा. तीस वर्षं कुवेतच्या इमारतींत नेटच्या केबली ओढून ते रत्नागिरीत परतले आणि आमच्या शेजारी, स्वतःच्या पडवीत बसून लोकांना केबली बनवून देऊ लागले. बाजारातली तयार केबल कोणी दाखवली की म्हणायचे, "ती कपडे वाळत घालायला ठेव." मोठे खडूस. मला मात्र आवडायचे, कारण काम अर्धवट राहिलं तर त्यांना जेवण जात नसे.

"रंग आठ, आठही आपापल्या जागी," केबलच्या आतल्या रंगीत तारा उलगडत ते सांगायचे. "एक सरकला की सगळं फुकट."

गेल्या वर्षी माझ्या लेकीची, नेहाची, नोकरीची मुलाखत होती, अकरा वाजता, ऑनलाइन. आधी दोन नोकऱ्या हुकल्या होत्या, त्यामुळे पोरगी रडकुंडीला आलेली. दहाच्या सुमारास माकडांनी गडग्यावरच्या, म्हणजे दगडी कुंपणावरच्या, नेटच्या डब्यातून घरात येणारी केबल तोडून टाकली. आमच्या खोलगट वाडीत मोबाइलला रेंज नाही. केबलवाला म्हणाला, उद्या बघू. मी चाचांकडे धावले.

त्यांनी नवी केबल कापली, दोन्ही टोकांना क्लिपा दाबल्या. केबल तपासायच्या टेस्टरवर लावली तर तारांचा क्रम चुकलेला. क्लिपा उडवून पुन्हा केल्या, पुन्हा चूक. साडेदहा झाले. नेहा पडवीच्या पायरीवर उभी. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "चाचा, जमत नसेल तर सांगा ना सरळ!"

त्यांचे हात थांबले.

"हिरवा नि निळा वेगळा दिसत नाय गो बाय. दोन महिने झाले. टेस्टरचे दिवे नीट लागेपर्यंत अंदाजाने क्लिपा बदलत बसतो. तू रंग सांग, मी लावतो."

मी सांगत गेले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... त्यांची बोटं स्थिर होती. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले. धावत केबल डब्यापासून घरात ओढली, आणि अकराला चार मिनिटं असताना नेहाच्या पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या बाई दिसल्या.

नेहाला नोकरी लागली. पेढे घेऊन गेले तर चाचांनी काम बंद करून पडवीतलं सगळं सामान खोक्यात भरलेलं. मला फार लागलं. म्हटलं, "चाचा, त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

"तू रागावलीस ते बरं झालं," चाचा म्हणाले. "नायतर तिसऱ्या वेळीही मी गुपचूप अंदाजानेच क्लिपा लावल्या असत्या, नि पोरीची मुलाखत गेली असती."