वेदवतीबाईंनी न केलेली सही

म्हैसूरच्या त्या खाजगी कॉलेजात ऑनर्सचं चौथं वर्ष सुरू झालं आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या वेदवतीबाईंच्या वाट्याला ‘स्वतंत्र प्रकल्प’ आले. विद्यार्थ्याने आपला प्रश्न आपण शोधायचा, वर्षभर त्याच्या मागे हिंडायचं आणि शेवटी परीक्षकांपुढे उभं राहायचं, असं नियमात होतं. प्रत्यक्षात मुलं समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जात आणि पेढे मागावे तसा प्रकल्प मागत. दुकानदार बांधणीचा रंग तेवढा विचारी.

विभागप्रमुख जगन्नाथरावांना यात काही वावगं वाटत नसे. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं आणि पहिल्या पानावर स्वतःचे आभार दिसले की स्वारी खूश. ‘‘आपल्याकडे संशोधन वाढतंय,’’ असं ते स्टाफरूममध्ये म्हणत तेव्हा वेदवतीबाई खिडकीबाहेर बघत. तिथे निदान कावळे तरी खरे होते.

बन्नूरहून येणारी तुळसी तेवढी वेगळी. बसच्या अडचणीपायी गावातल्या कुणाकुणाचं कॉलेज सुटलं, हे ती दारोदार विचारून आली होती. लिहिलं मात्र भयंकर होतं.

‘‘तुझं स्वतःचं आहे म्हणून वाचलं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण वाईट आहे. परत लिही.’’

मुलगी रडली आणि परत लिहून आली. तेही वाईटच होतं. बाईंनी तेही परत केलं.

तोंडी परीक्षेला संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा चिदंबर आला. विषय होता हुणसूरच्या तंबाखूच्या कामातल्या बायका.

‘‘किती जणींशी बोललास?’’ बाईंनी विचारलं.

‘‘पुष्कळ, मॅडम.’’

‘‘त्यातल्या एकीचं बोलणं सांग.’’

चिदंबरने छताकडे पाहिलं. ‘‘सगळ्या पॉझिटिव्ह होत्या, मॅडम.’’

‘‘हुणसूरची बस कुठून सुटते?’’

‘‘सिटी स्टँडवरून.’’

बाहेरून आलेले परीक्षक खोकले. ती बस सबर्बन स्टँडवरून सुटते, हे म्हैसूरमधलं शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी तो देखणा ग्रंथ मिटून त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, ‘‘घेऊन जा. घरी शोकेस असेलच.’’

जगन्नाथरावांनी त्यांना खोलीत बोलावलं. दार लावून ते एकदम घरच्या मराठीवर आले. ‘‘वेदवती, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर की गं. अध्यक्षांचा भाचा. त्यात आपलंच माणूस. या गावात आपण आहोत तरी किती घरं?’’

‘‘म्हणून त्याने मराठीतून खोटं बोलावं?’’

‘‘एक सही तर आहे! सुम्ने, उगीच कशाला ताणतेस?’’

‘‘मग तुम्हीच करा. तुमचा हात बसलेला आहे.’’

त्यांनी ती केलीच. चिदंबरच्या मार्गदर्शकाचं नाव बदललं आणि वार्षिक समारंभात त्याला उत्कृष्ट संशोधनाचं पदक मिळालं. अध्यक्षांनी भाच्याच्या कष्टांचं वर्णन करताना डोळे पुसले. मागच्या रांगेतल्या वेदवतीबाईंना क्षणभर त्या माणसाची कीव येईल की काय असं वाटलं. पण आली नाही. पुढच्या वर्षी चिदंबर त्याच विभागात पाहुणा अध्यापक झाला आणि मुलांना संशोधन कसं करावं ते शिकवू लागला. बाईंकडून प्रकल्प काढून घेतले होते. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. त्या टोळक्यातून आपलं नाव गेलं याचा त्यांना जवळजवळ आनंद झाला.

तुळसीला जेमतेम पासापुरते गुण मिळाले होते. फोटो नाहीत आणि बांधणी साधी, असा शेरा होता. निकालानंतरच्या सुट्टीत ती एक दिवस बाईंच्या घरी आली आणि दारातच उभी राहिली.

‘‘मॅडम, परत लिहू का?’’

‘‘आता कुणासाठी? निकाल लागला की.’’

‘‘निकालाचं नाही, मॅडम. शेवटचं प्रकरण अजून वाईटच आहे. मलाच कळतंय.’’

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग टेबलावरचे पेपर बाजूला सारून त्यांनी दुसरी खुर्ची ओढली.