आवाज येण्याआधीचे आभार

जूनच्या दुसऱ्या रविवारी, उपासना सुटल्यावर, भोरच्या आमच्या घरात पाच हजार रुपये ठरले. हजर चौघं: मी, माझी बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि वेल्ह्याहून आलेली माझी म्हातारी आत्या. ठरवलं मात्र मी एकट्यानं.

बायकोचं गळ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं होतं. गाठ निघाली, ती साधी निघाली, जखमही भरली. पण आवाज गेला. उरली ती फक्त एक खरखरीत कुजबुज. आवाजाच्या नसेला धक्का लागलाय, काही महिन्यांत येईलही, नाहीही येणार, असं डॉक्टर म्हणाले होते. मला असं दोन्हीकडचं उत्तर पचत नाही. भोरच्या आणि वेल्ह्याच्या अशा दोन दुकानांचे हिशेब मी लिहितो. तिथं जमा असते किंवा नावे असते.

आमच्या चर्चमध्ये पद्धत अशी की घरात काही चांगलं घडलं, की माणूस आभाराचं दान देतो आणि पाळकसाहेब निमित्त सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. मुलगी पास झाली, सून सुखरूप बाळंत झाली, मोडलेला पाय जुळला. तर मी जेवणाआधी जाहीर केलं, "हिचा आवाज परत आला, की त्याच रविवारी पाच हजार देणार."

आत्यानं हातातलं ताट खाली ठेवलं. "म्हंजी काम झाल्यावर पैसं? देव काय रंगारी हाय व्हय, भिंत बघून बिल द्यायला?"

बायको हसली. तोंड उघडं, खांदे हलतायत, पण आवाज नाही. मी पटकन दुसरीकडे बघितलं.

"आत्या, आभार मिळालेल्या गोष्टीचेच मानतात ना?"

"आन न्हाई मिळाली तर? गप बसशील? तुजा बाप गेला त्या सांजेला बी तुज्या आईनं गीत म्हटलं हुतं. म्या हुते तितं."

मी भात वाढून घेतला. मला राग आला होता. नवस बोलल्यासारखं आपण काही केलेलं नाही, शब्द दिला आहे, असं मी मनाशी म्हणत होतो. तरी जेवणभर ते भिंतीचं बिल डोक्यातून जाईना.

आमच्या घरी संध्याकाळी साडेसातला प्रार्थना असते. लग्न झाल्यापासून आहे. एक गीत, एक स्तोत्र, थोडी प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. गीत धरायचं काम बायकोचं. गीत धरणं म्हणजे पहिली ओळ अशा पट्टीत उचलायची, की बाकीच्यांना शेवटच्या कडव्यापर्यंत पोचता यावं. चर्चमध्येही ते काम तिचंच होतं. आमच्याकडे पेटी आहे, वाजवणारा नाही. ऑपरेशननंतर मीच म्हणालो होतो, ती बरी होईपर्यंत गीत राहू दे. तिला वाईट वाटू नये हा हेतू. गीत गेल्यावर स्तोत्रही आखूड होत गेलं, आणि प्रार्थना हजेरी लावल्यासारखी उरकू लागली. समोरच्या काकूंनी एकदा कुंपणावरून विचारलंसुद्धा, "वहिनी, तुमचं गाणं बंद झालं का हो? मी त्या गाण्यावर कुकर लावायचे. हल्ली भात उशिरा होतो आमचा."

त्या रविवारी आत्या मुक्कामाला होती. साडेसातला ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "हं, धरा."

कुणी धरेना. शेवटी मी धरलं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला माझ्या मानेच्या शिरा फुगल्या.

"पप्पा, टॉवरवर कशाला चढलात?" मुलगी म्हणाली.

पुन्हा धरलं. आता आवाज पोटातच राहिला.

"आरं, हिरीत उतारलास की," आत्या म्हणाली. "वर ये, वर ये."

तेव्हा बायकोनं मांडीवरचा हात उचलला आणि तळवा छातीपुढे आडवा धरला. मी सूर लावला तसा तिनं तळवा जरा वर नेला, मग एक बोटभर खाली. तिथं थांबवला. तिथून आम्ही धरलं आणि चारही कडवी झाली. कुकरची शिट्टी समोरून आली का, ते मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तसंच चालू झालं. ती तळवा धरायची, मी सूर लावायचो. पण मला खरं नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पूर्वी ती दिवसभर गुणगुणायची. पीठ मळताना, दळण निवडताना. मी त्याला सवय समजायचो. आता स्वयंपाकघर गप्प होतं, पण ती मधेच थांबायची. नळाला पाणी आलं की हंडा लावून क्षणभर उभी राहायची. मुलीची बस आल्याचा हॉर्न ऐकला की डोळे मिटायची. एका सकाळी मी विचारलं, "काय करतेस?"

"गातेय," ती कुजबुजली, आणि भाकरी उलटली.

मग मीही प्रयत्न केला. वेल्ह्याला जायचे दिवस ठरलेले असतात. मोटरसायकलवरून जाताना समोर तोरणा ढगात अर्धा बुडालेला दिसायचा. मी आभार मानायला सुरुवात करायचो आणि थोड्याच वेळात मागण्यांवर यायचो: तिचा आवाज, मुलीची फी, दुकानाची थकबाकी. एकदा भाटघर धरणाच्या बाजूला काम होतं. पाणी पसरलेलं, बगळे उभे, आणि मी देवाला सांगत होतो, की सप्टेंबरात तपासणी आहे, तेवढं लक्षात असू दे. माझी स्तुती म्हणजे अर्जाच्या वरचा मायना असते, हे मला तिथं कळलं. आवडलं नाही. पण मायना सोडून पुढे काय लिहायचं तेही सुचेना, म्हणून मी नुसतं "छान आहे पाणी" एवढं मोठ्यानं म्हणालो. एक गुराखी वळून बघायला लागला.

सप्टेंबरात पुण्याला गेलो. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून बघितलं. स्वरयंत्राच्या एका बाजूची हालचाल थोडी सुरू झालीय, म्हणाले, बोलणं सुधारेल. बायकोनं कुजबुजत विचारलं, "गाणं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "पूर्वीसारखं गाता येईल, असं धरून चालू नका."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मी तिकिटाची घडी घालत होतो, उलगडत होतो. भोरच्या स्टँडवर उतरल्यावर ती म्हणाली, "आज गीत मी निवडणार."

साडेसातला तिनं पुस्तक उघडून पान माझ्यापुढे सरकवलं. उपकारस्तुतीचं गीत होतं, कापणीच्या सणाला म्हणतो ते.

"आज हे?" मी म्हणालो.

"आजच," ती म्हणाली. "उद्या मला राग येईल देवाचा. आज अजून आला नाहीये."

"आई, आलाय तुला. घरी आल्यापासून तोंड बघ," मुलगी म्हणाली.

"आलाय थोडा. तरी धरा."

तिनं तळवा धरला. मी सूर लावला. पहिल्या कडव्यात ती आमच्याबरोबर शब्द म्हणत होती. सूर नव्हता, नुसती हवा होती, पण प्रत्येक शब्द वेळेवर पडत होता. दुसऱ्या कडव्याला माझाच सूर सुटला. मुलीनं पुढे नेलं. तिला पट्टी कधी सापडली, मला माहीत नाही. बायकोनं तळवा खाली घेतला, कारण आता त्याची गरज नव्हती, आणि ओळ संपेपर्यंत मुलीकडे बघत राहिली.

मी घातलेली अट पुरी झाली नव्हती. माझ्या हिशेबानं मी रक्कम देणं लागत नव्हतो, आणि घरात कुणी पैशांचा विषयही काढला नाही. पुढच्या रविवारी मी ती रक्कम घेऊन चर्चला गेलो. पाळकसाहेबांनी दारातच विचारलं, "वहिनींचा आवाज आला? देवाची स्तुती असो!"

"नाही आला. यायचाही नाही बहुतेक, गाण्याचा."

ते गडबडले. "मग निमित्त काय सांगू?"

"निमित्त नाही."

"असं कसं? लोक विचारतील."

"विचारू देत," मी म्हणालो. "हिला विचारा म्हणावं."

ती शेजारीच उभी होती. पाळकसाहेब तिच्याकडे वळले. तिनं कुजबुजून काहीतरी सांगितलं. त्यांना दोनदा वाकावं लागलं. उपासनेत त्यांनी एवढंच वाचलं, "आमच्या एका कुटुंबाकडून देवाची स्तुती." लोक आमेन म्हणाले, आणि गीत मुलीनं धरलं.

पाच हजार रुपये, रोख, मंडळीच्या खजिनदारांना दिले.