त्र्याहत्तर पिशव्या

युद्ध सुरू झालं तेव्हा टपालमामा चौतीस वर्षांचे होते आणि टपाल कचेरीतल्या त्यांच्या टेबलावर एकही पत्र कधी शिळं झालेलं नव्हतं. आलेलं पत्र त्याच दिवशी वाटेला लागलं नाही, तर त्यांना जेवण जात नसे. अशा माणसाला सरकारने उचललं आणि सैनिक वाहून नेणाऱ्या एका जहाजावर टपाल कारकून म्हणून चढवलं. ‘टपालमामा’ हे नाव खलाशांनी ठेवलं आणि तेच चिकटलं.

जहाजावरचं टपालघर म्हणजे जिन्याखालची खोली. आधी तिथे रंगाचे डबे ठेवत. टर्पेंटाइनचा वास काही केल्या जाईना. तिथून निघालेलं प्रेमपत्रसुद्धा नव्याने रंगवलेल्या दारासारखं वास मारायचं. पहिल्याच आठवड्यात हुकूम आला, की शत्रूला सुगावा लागू नये म्हणून शिक्क्यावरचं जहाजाचं नाव काढून टाका. मामांनी स्वतः कानस घेऊन पितळी अक्षरं घासली. उरली तारीख आणि एक आकडा. घरच्यांनीही पाकिटावर तेवढाच आकडा लिहायचा. जहाज कुठे आहे ते टपालखातं बघून घेईल.

चार महिने टपालखात्याने ते बघून घेतलं. बायकोची पत्रं नेमाने येत. त्यातल्या शेवटच्या पत्रात तळाशी एक ओळ होती : सोनुलीचा कान दुखतो, डॉक्टरांकडे नेणार आहे. सोनुली म्हणजे त्यांची सहा वर्षांची एकुलती एक लेक.

पाचव्या महिन्यात जहाजाला भलत्याच दिशेला जायचा हुकूम झाला, आणि तो इतका गुप्त राखला गेला की टपालखात्यालाही कळला नाही. पिशव्या जुन्या वाटेने जात राहिल्या. या बंदरात पोचाव्यात तर जहाज नाही, त्या बंदरात पोचाव्यात तर जहाज कधी आलेलंच नाही.

सात महिने मामांच्या खिडकीशी रोज तीच रांग लागायची.

"मामा, आज तरी?"

"नाही रे बाबा."

"उशीखाली घेऊन झोपता की काय आमची पत्रं?"

मामा हसून घ्यायचे. जहाजावरचा स्वयंपाकी त्यांचा दोस्त. तो एकदा म्हणाला, "माझा भात करपला तरच मला शिव्या बसतात. तुम्हाला तर चूल पेटायच्या आतच शिव्या!"

जहाजावरून जाणारी पत्रं मात्र व्यवस्थित जात होती. मामा दर रविवारी घरी लिहीत : कान बरा झाला का? सात आठवडे, दहा आठवडे, तुझं पत्र नाही. पत्रं तपासणारा अधिकारी ही ओळ कात्रीने कापून काढायचा.

"साहेब, एवढं तरी राहू द्या," मामा एकदा अजिजीने म्हणाले.

"पत्रं मिळत नाहीत म्हणजे जहाजाने वाट बदलली, हे लहान मूलही सांगेल," अधिकारी म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "माझ्याही घरून काही आलेलं नाही, मामा."

मग घरी पोचायचं ते उडणारे मासे, गार वारा आणि चौकोनी भोकं.

बाराव्या महिन्यात एका बंदरात मालाच्या होडीतून पिशव्या आल्या. त्र्याहत्तर. अख्खं जहाज कठड्यावर लोटलं, टोप्या उडाल्या. मामांना दोन माणसं मदतीला मिळाली आणि वाटणी सुरू झाली. दुसऱ्या पिशवीत बायकोचं अक्षर दिसलं. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या पाकीट फोडलं.

"ऐकू येत नाही हे तिला अजून उमगलेलं नाही," बायकोने लिहिलं होतं. "मी हाक मारते आणि ती खेळत बसते. मग मी समोर जाऊन उभी राहते."

तारखेने हे सगळ्यात शेवटचं पत्र होतं. बाकीची पुढच्या तीन दिवसांत निघाली, उलटसुलट, वेगवेगळ्या पिशव्यांतून. एकात ताप. एकात कानामागे सूज. एकात दुसरा कान. एकात, "मी विचारते त्याचं उत्तर सोडून तुम्ही मासे कसले लिहिता?" आणि शेवटच्या दिवशी, एकसष्टाव्या पिशवीत, एक जाड पाकीट, पाच महिन्यांपूर्वीचं. आत रुग्णालयाचा छापील कागद. ऑपरेशन करायचं तर वडिलांची सही हवी. जिथे करायची तिथे बायकोने पेन्सिलीने फुली मारली होती. "डॉक्टर म्हणतात, महिन्याच्या आत. मी सही केली तर चालत नाही म्हणतात."

मामांनी दौत ओढली आणि त्या फुलीवर सही केली. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभे राहिले. खिडकीबाहेर कुणीतरी आपल्या बायकोचं पत्र मोठ्याने वाचून दाखवत होता, लोक हसत होते. मामांनी पुढची पिशवी ओढली. अजून बारा उरल्या होत्या आणि माणसं रांगेत होती.

घरी पोचायला आणखी दहा महिने लागले. सोनुलीने दार उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत राहिली.

बायकोने पाणी दिलं. म्हणाली, "माझा भाऊ रुग्णालयात जाऊन भांडला, तेव्हा त्याच्या सहीवर ऑपरेशन केलं त्यांनी. तोवर फार उशीर झाला होता. तुम्हाला पत्रं मिळाली नाहीत, हे आता कळलंय मला. कळूनही राग जात नाही. काय करू?"

"काही करू नकोस," मामा म्हणाले.

ते पुन्हा जुन्या टेबलावर बसले आणि निवृत्त होईपर्यंत बसले. सोनुली मोठी झाली, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली. ओठांवरून तिला बरंच कळायचं, लांबलचक गोष्ट मात्र कागदावर लिहावी लागे. पंचविशीत तिने एकदा विचारलं, की नेमकं झालं तरी काय होतं. मामांनी पाठकोऱ्या कागदावर समुद्र काढला, बंदरं काढली, जहाजाची रेघ काढली, पिशव्यांची रेघ काढली. दोन्ही रेघा एकमेकींना कुठे चुकल्या ते दाखवलं. अधिकाऱ्याची कात्रीसुद्धा काढली.

तिने नीट बघितलं. मग खाली लिहिलं, "म्हणजे चुकलं कोण?"

मामांनी पेन्सिल हातात घेतली. रेघा जिथे चुकल्या होत्या, तिथे ते पुन्हा पुन्हा गिरवत राहिले. तिने त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि चहा टाकायला आत गेली.