मोठ्या पडद्यावर ती हसते

मोठा मोबाईल मी मागितला नव्हता. हे आधीच सांगतो, कारण आमच्या घरी आल्यागेल्याला हेच ऐकवतात की म्हाताऱ्याला दिसत नव्हतं म्हणून पोरानं हातभर मोबाईल आणून दिला, आणि म्हातारा त्यालाच शिव्या घालतो. घालतो. का घालतो ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहून काढतोय.

मी चौथी शिकलो. पुढं बापानं मागावर बसवलं. म्हसवडच्या बाजूला आमचं गाव. मेंढरं चुलत्यांकडं, घोंगडी आमच्याकडं. बायकोचं माहेर सांगली जिल्ह्याच्या पार टोकाला, जतच्या पलीकडं. निम्मं कानडी बोलायची. लग्न करून आली ती चरखा घेऊनच बसली. ती लोकर कातायची, मी विणायचो. दिवसभर दोघं एका छपरात, पण बोलणं मोजकं. ती बोलायची नाही, मला बोलता यायचं नाही. चाललं होतं.

मागच्या माघात ती गेली. पोटात गाठ होती. कळली तेव्हा डॉक्टरनं सरळ सांगितलं, घरी घेऊन जा. तिला विचारलं, दुखतंय किती दिवसापासनं? म्हणाली, "काय न्हाई, आत्ताच." खोटं बोलली. किती खोटं बोलली ते मला नंतर कळलं, आणि कळलं ते त्या बारक्या मोबाईलवर कळलं.

तो मोबाईल आमच्या मुलाचा. मुलगा फौजेत आहे. त्यानं स्वतःला दुसरा घेतला तेव्हा हा माझ्याकडं टाकला. तळहातात मावेल एवढा, एका कोपऱ्याला काच तडकलेली. पण घेतला तेव्हा भारीतला होता म्हणे. ती जायच्या आधीच्या दिवाळीत मुलगा सुट्टीवर आला होता, तेव्हा त्यानंच त्याच्यावर आईचा फोटो काढला. ती ओट्यावर लोकर पिंजत बसलीय. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, कपाळावर तुळस. आमच्याकडं तिचा तेवढाच एक फोटो. लग्नातले वाळवीनं खाल्ले.

माझे डोळे अधू झाल्यापासून माझ्याजवळ एक भिंग असतं. घोंगड्यातल्या गाठी बघायला घेतलं होतं. ती गेल्यावर रोज सकाळी चहा झाला की मी त्या भिंगातनं तिचा फोटो बघायचो. लोकांना वाटायचं म्हातारा प्रेमानं बघतो. मी गाठ शोधल्यासारखा बघत होतो. कारण पहिल्याच दिवशी मला दिसलं होतं की ही हसत नाहीये.

खालचा ओठ तिनं दाताखाली धरलाय. नाकपुड्या ताणल्यात. आणि डावा हात, जो लोकरीवर पाहिजे, तो कमरेशी, निऱ्यांत रुतलाय, बोटं पांढरी पडेपर्यंत. सगळं एका वेळी दिसायचं. तोंड, डोळे, हात. म्हणजे दिवाळीतच तिला दुखत होतं. मी तिथंच होतो, चार हातावर, मागावर. मला दिसलं नव्हतं.

हे मी कुणाला बोललो नाही. बोलायचं कसं तेच कळत नव्हतं. तोवर यंदाची दिवाळी आली, मुलगा सुट्टीवर आला आणि त्यानं मला भिंग लावून बसलेलं बघितलं.

"आबा, असं का डोळं फोडताय? साताऱ्याला जाऊन मोठा आणतो की."

"मला नको."

"तुमाला न्हाई कळत त्यातलं. बसा गप."

गेला आणि घेऊन आला. जुना तिथंच दुकानात बदल्यात देऊन आला. मला विचारलं नाही. म्हणाला, "फोटो घेतलाय हो ह्यात. आईचा हाय, बघा केवढा दिसतोय." आणि पाटीएवढा तो मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला.

दिसत होती मोठी. आणि हसत होती.

मी भिंग लावलं. भिंगात बायको नाहीच. नुसती जाळी. लाल, हिरवे, निळे ठिपके, चाळणीला रंग लावल्यासारखे. हनुवटीवरचे तीन ठिपके मिळून एक डाग झालेला. ओठाच्या जागी एक फिकट पट्टी, दोन्ही टोकांना वर गेलेली. भिंग काढलं की ती पट्टी हसायची, भिंग लावलं की पट्टीचे ठिपके व्हायचे. दात कुठंच नाही. हाताची बोटं म्हणजे एक गोळा.

सुनेला बोलावलं. सून वाईट नाही, तिच्यावर माझा राग नाही, पण त्या दिवशी तिचीही मान धरावीशी वाटली. मला ती मामा म्हणते, सासूला आत्या म्हणायची.

"बघ गं, काय दिसतंय?"

"आत्या हसत्यात की, मामा. किती गोड आलाय."

"हसत न्हाई ती."

"आवं, दोन बोटानं मोठा करून बघा." तिनं बोटं फाकवून ओठ पडदाभर केला. "हे बघा. हसतानं आत्यांचा ओठ असाच व्हायचा."

ओठ दिसला, पण तो कुणाचाही ओठ होता. डोळे वर निघून गेले, हात खाली निघून गेला. माणसाला दुखतंय का हे एकट्या ओठावरनं कळतं का? तोंड सगळं पाहिजे, आणि बारीकही पाहिजे. मोठं केलं तर तोंड जातं, तोंड ठेवलं तर दात जातात. मी तिला एवढंच म्हणालो, "जा तू."

मुलगा ड्युटीवर परत गेला. वर्षश्राद्ध जवळ आलं. सुनेनं तो फोटो फ्रेमवाल्याला पाठवला आणि त्यानं नमुना पाठवला, तो तिनं मला दाखवला. मागं निळं आभाळ, कडेनं फुलं आणि खाली सोनेरी अक्षरात ‘हसतमुख’. पाहुणे येणार, हार घालणार, म्हणणार बाई सुखानं गेली. मेलेल्या माणसाच्या तोंडावर हसू चिकटवायचं आणि वर हार घालायचा. माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची यष्टी धरली. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला. दुकान सापडलं, कारण मोबाईलच्या पिशवीवर पत्ता होता. मालक पस्तिशीचा, पोट सुटलेला, बरा माणूस निघाला, पण मी ते ठरवून गेलो नव्हतो. मी भांडायचं ठरवून गेलो होतो.

"हा मोबाईल खराब दिलाय तू. तोंडाचं पीठ करतोय."

त्यानं उलटासुलटा बघितला. "काय झालंय आबा? फर्स्टक्लास हाय की."

मी भिंग काढून पडद्यावर ठेवलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसायला लागली. मालक म्हणाला, "भिंग लावून मोबाईल बघणारं गिऱ्हाईक मी पयल्यांदा बघितलं. आवं, भिंगातनं बघितल्यावर ठिपकेच दिसणार."

"जुन्यात दिसत नव्हते."

त्यानं विचारलं, "कंचा जुना?" मी सांगितलं. बारका, कोपरा तडकलेला, फौजी पोरगा आला होता. त्याला आठवलं.

"हां. त्याची गोष्ट येगळी. त्यो बारका हुता, पण त्याच्यात ठिपके ह्याच्या दुप्पट. बारीक, दाट. ह्यो पडदा मोठा, पण ठिपके कमी, मग एकेक ठिपका मोठा करून पसरायचा. मोठा पडदा पायजे आणि दाट पण पायजे म्हणलं तर लय भारीतला घ्यावा लागतो."

हे मला लगेच समजलं. त्याला वाटलं म्हाताऱ्याला समजायचं नाही म्हणून तो परत सांगायला लागला. मी त्याला थांबवलं.

"लोकर तेवढीच, आणि घोंगडं रुंद मागितलं, की आमीबी असंच करायचो. सूत लांब लांब टाकायचं. लांबनं घोंगडं मोठं दिसतं. अंगावर घेतलं की आरपार वारं." माझ्या हातून एकदा तसं गेलं होतं. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं आणि बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "आमच्यात त्याला चोरी म्हणतात. तू काय म्हणतोस?"

"आवं आबा, चोरी कशाची? लोकाला मोठंच पायजे. पोरगा आला, म्हणाला बापाला दिसत न्हाई, मोठा द्या. मी मोठा दिला. बारीक बघणारा बाप हाय असं बोलला असता तर दुसरा दिला असता."

खरं होतं ते. म्हणूनच जास्त राग आला. ज्याच्यावर ओरडावं असा माणूसच सापडेना.

"जुना कुठाय माझा?"

विकलेला असता तर मी काय केलं असतं माहीत नाही. पण त्याची बॅटरी गेली होती, वायर लावल्याशिवाय चालत नव्हता, म्हणून तो खालच्या खोक्यात तसाच पडला होता. आतलं सगळं पुसलेलं. मालकानं वायर लावली, मोठ्यातला फोटो परत त्याच्यात टाकला आणि मला स्टूल दिलं. वायर आखूड होती, वाकून बसावं लागलं. त्या दोन गिऱ्हाइकांसमोर मी भिंग लावलं.

होती. ओठ दाताखाली, नाकपुड्या ताणलेल्या, बोटं निऱ्यांत रुतलेली. मी काही वेडा झालो नव्हतो.

मालक माझ्या खांद्यावरनं बघत होता. "आज्जी का?" म्हणाला. मी मान हलवली. त्यानं भिंग मागितलं, वाकला, बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "ह्या काय हसत न्हाईत आबा."

ज्याला ती कोण हे माहीत नाही त्याला एका नजरेत दिसलं. घरच्यांना नाही. मला तर ती जिती असताना नाही. मी त्याला म्हणालो, "हा मी न्हेणार." तो म्हणाला न्या, माझ्या काय कामाचा. वायर पण देतो म्हणाला. मी त्याला धन्यवाद दिले नाहीत. अजून रागातच होतो.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सुनेला म्हणालो, मुलाला फोन लाव. तिनं मोठ्यावरनं लावला, त्याचं तोंड पडद्यावर आलं, गणवेशात. मी म्हणालो तोंड नको, नुसता आवाज ठेव. मला त्याच्याकडं बघत हे बोलता आलं नसतं.

"तू जुना मोबाईल मला न इचारता का दिलास?"

"आबा, पुन्ना त्येच का? तुमच्या सोयीसाठीच—"

"माझी सोय घाल चुलीत. तुझ्या मोठ्या मोबाईलवर तुझी आई हसती. ती हसत नव्हती. ओठ चावून बसलीया. पोट धरून बसलीया. दिवाळीतच दुखत हुतं तिला. आणि तुमी सगळी त्याच्यावर हसतमुख लिवताय. लाज वाटत न्हाई?"

सून दारात उभी होती, तिच्या हातात परात होती, ती तशीच राहिली.

मग तो म्हणाला, "मला म्हाईत हाय, आबा."

"काय म्हाईत हाय?"

"ती हसत नव्हती. फोटो मी काढलाय. मी म्हणलो, आये, जरा हस की, कॅमेऱ्यात बघ. तिनं प्रयत्न केला. मला दिसलं. इचारलं काय हुतंय, तर म्हणाली काय न्हाई, जेवण जास्त झालं. सुट्टीचं दोन दिवस ऱ्हायलं हुतं. म्हणलं, पुढच्या सुट्टीला दवाखान्यात न्हेतो."

"मग वर्षभर बोलला का न्हाईस?"

"तुमी तरी कुठं बोलला?"

एवढा मोठा झालाय पण मला असं कधी बोलला नव्हता. तोंडात शिवी आली होती, ती तिथंच राहिली. त्याच्या मागं कुणीतरी हिंदीत त्याला हाक मारत होतं, दोनदा, तीनदा. तो गेला नाही. मीही फोन ठेवला नाही. दोघं वर्षभर तेच एक गिळून बसलो होतो, तो तिकडं बर्फात आणि मी इकडं ओट्यावर, आणि एकमेकांना ती हसतीय असं दाखवत होतो.

शेवटी मी म्हणालो, "रजा मिळंल का?"

"मागतो."

"माग. वर्षाच्या दिवशी भाऊबंद येतील. किती सुखानं गेली म्हणतील. तवा तू सांग त्यास्नी. मला सांगता येत न्हाई, मी शिव्याच देतो."

"सांगतो, आबा."

फोन ठेवल्यावर सून परात खाली ठेवून माझ्याजवळ येऊन बसली. डोळे पुसत होती, पण मी तिकडं बघितलं नाही. फ्रेमवाल्याला लाव म्हणालो. तिनं लावला आणि मला विचारलं, "काय सांगू, मामा? दुसरा फोटो न्हाई आपल्याकडं."

"फोटो ह्योच ऱ्हाऊ दे. पण लय मोठा करू नको म्हणावं. वहीच्या पानाएवढा बास. आणि खाली लिवलंय ते काढ म्हणावं."

तिनं तसं सांगितलं. मग फोन हातानं झाकून म्हणाली, "त्यो इचारतोय, त्या जागी दुसरं काय लिवू?"

"काय लिवू नको म्हण. मोकळी ठेव जागा."