चाबी सोडली की

गरम इस्त्रीखाली धूळ करपल्याचा वास आला की मला इंदूरच्या अंगणात उभी असलेली वडिलांची जुनी अमेरिकन गाडी आठवते. ते जाऊन महिनाही झाला नव्हता. गाडी विकायची होती, पण ती चालेना, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्यानं आईला चाबी फिरवायला बसवलं. चाबी धरून ठेवली की इंजिन सुरू व्हायचं, सोडली की बंद. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा आई हळूच म्हणाली, "हे पण असेच गेले. मी पाणी आणायला हात सोडला, तेवढ्यात." मेकॅनिकनं इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलशेजारचा चिनीमातीचा पांढरा रेझिस्टर काढून दाखवला. मधोमध तडकलेला, करपट वासाचा. "चाबी धरली की करंट दुसरीकडून जातो, सोडली की यातून. ये तो पहले से टूटा था, बाईजी." त्यानं नवा बसवला. इंजिन धडधडलं, पण आई चाबी सोडेना. स्टार्टर किंचाळायला लागला. "छोड़ो बाईजी, जल जाएगा!" शेवटी मीच तिची बोटं एकेक करून सोडवली. इंजिन चालूच राहिलं, आणि आई ते ऐकत रडत बसली. पुढे तिच्या आजारपणात शेवटच्या रात्री मी तिचा हात क्षणभरही सोडला नाही. तरी ती गेलीच.