डावा अंगठा

"कागद मागून बघू. आधी हात दाखवा." परभणीच्या अदालतीत रंगनाथराव वकिलांकडे कुणीही गेलं तरी पहिलं वाक्य हेच. ते पक्षकाराचे दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहायचे आणि मगच चष्मा लावायचे. "कागद शिकवल्यागत बोलतो, हाताला तसं जमत न्हाई," म्हणायचे. लोक हसायचे. मीही हसलो होतो, पण एकदाच.

मी तेव्हा सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनशी होतो. निजामाचं राज्य, कारभार सगळा उर्दूत, आणि माझी उर्दू वळणदार. तेवढ्यावर घर चालायचं. मारोती नावाच्या कामगाराचा डावा हात मनगटापासून यंत्रात गेला. पूर्वी असं झालं की मालकाचा वकील "त्याचीच चूक" म्हणायचा आणि प्रकरण मिटायचं. पण नवा कायदा नुकताच आला होता. कामावर हात गेला तर भरपाई मालकानं द्यायची. आमच्या शेठचे वकील रंगनाथरावच. त्यांना न सांगता शेठनी मला खोलीत बोलावून दार लोटलं.

"मारोतीनं खुशीनं मिटवलं, असा तडजोडीचा कागद लिवा. अंगठा तुमीच लावा. न्हाई तर उद्यापासून येऊ नका."

घरात दोन लहान पोरी होत्या. मी लावला. खाली सवयीनं लिहिलंही, 'निशाणी डावा अंगठा, मारोती'. पुरुषाचा डावाच घ्यायचा, इतक्या वर्षांचा हात बसलेला.

सुनावणीच्या सकाळी अदालतीच्या ओसरीवर कागद वकिलांच्या हाती दिला. समोर लिंबाखाली मारोती बसला होता, डाव्या मनगटाला फडकं गुंडाळून. वकिलांनी कागद वाचला, मारोतीकडे पाहिलं.

"मुनशीजी, ही तारीख हात गेल्यानंतरची. मग ह्या माणसानं डावा अंगठा आणला कुठून?"

मी अंगठा मुठीत लपवला.

"हात दाखवा."

नखात जांभळी शाई होती. त्यांनी माझा अंगठा धरला आणि शेठ जवळपास नाहीत ना, ते पाहून घेतलं. शेठ म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ, त्याला दुखवून वकिली करणं सोपं नव्हतं.

"मला बी भ्या वाटायलंय," ते हळूच म्हणाले आणि कागदाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातली. आत जाऊन त्यांनी तो काढलाच नाही. अपघात कामावरचाच, तडजोड झालेली नाही, एवढंच सांगितलं. मारोतीला भरपाई मिळाली. शेठनी वकील बदलला.

माझा जीव मात्र त्या खिशात अडकला. पुढची कित्येक वर्षं दारात पोलीस दिसला की मी मागच्या दारानं बाहेर पडायचो. वकील वाटेत भेटले की हसून म्हणायचे, "हात दाखवा, मुनशीजी." मी हात पाठीमागे घ्यायचो. शेठनी पुन्हा असाच कागद लिहायला सांगितला, तेव्हा त्याच धास्तीनं मी नाही म्हणालो आणि नोकरीला मुकलो. त्या माणसाइतकं मी कुणाला भ्यालो नाही आणि कुणाला इतका जीवही लावला नाही.

निजामाचं राज्य जायच्या सुमारास ते अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो, धीर करून कागदाचं विचारलं.

"तो? त्याच सांजेला चुलीत घातला."

"मग सांगायचं तरी, वकीलसाहेब! किती भ्यालो मी."

"म्हणूनच न्हाई सांगितलं." थोडा दम खाऊन त्यांनी विचारलं, "मारोतीला सांगितलंत?"

"अजून नाही," मी म्हणालो. चार दिवसांनी ते गेले.

मारोती अजून सेलूच्या बाजारात भेटतो. उजवा हात कपाळाला लावून "रामराम मुनशीजी" म्हणतो. मी सांगायला तोंड उघडतो आणि भिऊन मिटतो. माझा डावा हात खिशातच असतो.