बारा दिवसांचं मौन

प्राचीला झटका आला तेव्हा तिचा डावा पाय माझ्या मांडीवर होता. मी पोटरी चोळत होते. पाय एकदम लाकडासारखा ताठ झाला, मग हात ताठ झाले, डोळे वर गेले आणि सगळं अंग पलंगावर थडाथडा आपटायला लागलं. तोंडातून फेस आला. शेजारी आठ दिवसांची मुलगी दुपट्यात झोपलेली. आधी तिला उचलून खाली चटईवर ठेवलं, मग प्राचीला कुशीवर वळवलं. हात तेलाचे. तिचा खांदा दोनदा निसटला.

बाहेर हॉलमध्ये भजन चालू होतं. शुक्रवार, सुट्टीचा दिवस. दुबईतल्या करामा भागात, प्राचीच्या छोट्या फ्लॅटमध्ये तीस माणसं मांडीला मांडी लावून बसली होती.

"नितीन!" मी ओरडले. "आत ये!"

नितीन म्हणजे प्राचीचा नवरा. तो दारात आला आणि तिथेच थिजला. त्याच्या मागून मोठ्या ताई आल्या. दुबईतल्या आमच्या पंथाचं सगळं त्याच बघायच्या. कोणी काय खायचं, कोणाच्या मुलीचं लग्न कोणाशी लावायचं, कोणाशी बोलणं बंद करायचं. त्यांनी पलंगाकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न मला विचारला.

"हिने मौन मोडलं का?"

बाई मरायला टेकली होती आणि ह्यांचा प्रश्न हा. मला अजून त्याचा राग येतो. येऊ दे.

माझं काम बाळंतिणीचं. बाळंतपण करते ती सुईण. ते मी कधी केलं नाही. मी त्यानंतरची. बाळ-बाळंतीण घरी आली की चाळीस दिवस दोघांना तेल लावायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, धुरी द्यायची, बाळंतिणीचं पोट बांधायचं. हे सगळं सासूने शिकवलं. शाळा माझी चौथीपर्यंत. दुबईत निखारे मिळत नाहीत, म्हणून शेक इलेक्ट्रिक हीटरचा. आणि ओवा-वावडिंगाची धुरी दिली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून त्याला आधी प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. हे मला माझ्या मुलीने शिकवलं.

मुलगी सुजाता. शारजात राहते. जावयाने मला आपल्या व्हिसावर आणलं होतं. त्या व्हिसावर दुसऱ्याच्या घरी काम करायला परवानगी नसते. तरी मी करत होते, कारण पंथातल्या बाळंतिणीला पंथाबाहेरच्या बाईचा हात लागलेला चालत नसे, आणि तिकडे हे काम जाणणारी मी एकटीच होते.

पंथाचं नाव लिहीत नाही. माझी मुलगी अजून त्यात आहे. नवरा वारला त्या वर्षी मी त्यात आले आणि बावीस वर्षं राहिले. बाहेरच्याच्या हातचं पाणी नाही, सण नाहीत, टीव्ही नाही, लग्न आपसातच. सोडून जाईल तो मेला असं धरायचं. हे सगळं मी पाळलं, दुसऱ्यांकडून पाळूनही घेतलं. मला कोणी फसवून नेलं नव्हतं.

त्यातलाच एक नियम बारा दिवसांच्या मौनाचा. बाळंत होताना बाई ओरडते, कण्हते, त्यात तिचं पुण्य सांडतं, असं गुरुजी सांगायचे. म्हणून घरी आल्यावर तिने बारा दिवस बोलायचं नाही. खूण करायची नाही. लिहून दाखवायचं नाही. आणि त्या दिवसांत औषध घ्यायचं नाही, कारण ते दिवस गुरुजींचे. गुरुजींनी स्वतः एकही मूल जन्माला घातलं नव्हतं, हे माझ्या डोक्यात बावीस वर्षांत एकदाही आलं नाही.

२००८ संपता संपता दुबईत कंपन्या बंद पडायला लागल्या. क्रेन जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. आमच्या शुक्रवारच्या भजनाला आधी दहा माणसं यायची, ती तीस झाली. घाबरलेल्या माणसाला कोणीतरी सांगावं लागतं की हे का झालं. मोठ्या ताई सांगायच्या. नितीन बांधकाम कंपनीत इंजिनियर होता. प्रोजेक्ट थांबलं आणि त्याला बिनपगारी रजेवर बसवलं. ताई त्याला म्हणाल्या, "तुझ्या घरात कोणाची तरी श्रद्धा कमी पडतेय." कोणाची ते बोलायची गरज नव्हती. प्राची लग्न होऊन पंथात आलेली. ती प्रश्न विचारायची. ताईंचं बोलणं ऐकल्यावर पोटुशी बाई गप्प झाली आणि सगळे नियम पाळायला लागली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिला तेल लावत होते. तिने माझं मनगट पकडलं.

"मावशी, डोकं फार..."

मी तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "शू. नऊच दिवस राहिले."

बोट माझंच होतं. ताईंचं नव्हतं, गुरुजींचंही नव्हतं.

चौथ्या दिवशी ती उजेडाकडून तोंड फिरवायला लागली. मी पडदे ओढले. न सांगता कळलं म्हणून मनात खूशही झाले. पाचव्या दिवशी पायाला सूज दिसली. बाळंतिणीचे पाय थोडे सुजतात, त्यात काही नाही. पण नडगीवर अंगठा दाबला आणि भिजवलेल्या कणकेत पडावा तसा खड्डा पडला तर ती सूज चांगली नाही. तिच्या पायावर असा खड्डा पडला. तो भरून यायला किती वेळ लागतोय ते मी बघत बसले आणि मग जास्त तेल घेऊन खालून वर चोळत राहिले. गरोदरपणात तिचं बीपी वाढलं होतं. हॉस्पिटलने घरी सोडताना गोळ्या दिल्या होत्या. ते पाकीट फ्रिजवर गुरुजींच्या फोटोमागे ठेवलेलं होतं. बारा दिवसांनी सुरू करायचं म्हणून ताईंनी ठेवलेलं. मी रोज फ्रिज पुसत होते, त्यामुळे पाकीट रोज हलवत होते.

सहाव्या दिवशी झटका.

ताईंनी तीर्थाचं भांडं मागवलं. "तोंड उघडा तिचं."

"तोंडात काही घालायचं नाही," मी म्हटलं. "गुदमरेल ती."

"मावशी, बाजूला व्हा."

त्यांनी भांडं पुढे केलं आणि मी हाताने उडवलं. पाणी भिंतीवर. तोवर मी त्यांच्यासमोर खुर्चीवरसुद्धा बसले नव्हते.

"नितीन, अँब्युलन्स बोलाव."

मोबाइल त्याच्या हातातच होता. त्याने ताईंकडे पाहिलं. स्वतःची बायको डोळ्यांसमोर तडफडतेय आणि हा परवानगी शोधतोय!

ताई शांतपणे म्हणाल्या, "अँब्युलन्स आली की मागून पोलीस येतील. तीस माणसं इथे काय करतात विचारतील. तुझी नोकरी आधीच लटकलेली. आणि मावशी, तुमच्या व्हिसावर काम करायची परवानगी आहे का हो?"

नव्हती. त्यांना माहीत होतं, कारण काम त्यांनीच लावून दिलं होतं. तुमची सुजाताही पोटुशी आहे, एवढं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. सुजाताला सातवा महिना होता. पंथातून काढलेल्या आईला मुलीच्या बाळंतपणात उभं करत नाहीत.

मी नितीनचा हात धरून प्राचीच्या पाठीमागे ठेवला. "कुशीवरच धर. तोंडात थेंब जाऊ देऊ नकोस. एवढं तरी कर."

आणि मी निघाले. तेलाचे हात, खोचलेलं लुगडं, तशीच हॉलमधून गेले. कोणी उठलं नाही. टाळ थांबला नाही. लिफ्टची वाट न बघता चार मजले जिना उतरले.

तिकडे बिल्डिंगच्या वॉचमनला नातूर म्हणतात. त्या बिल्डिंगचा नातूर म्हणजे पेशावरचा एक म्हातारा खानसाहेब. तीन वर्षं मी तिथे भजनाला येत-जात होते. रणरणत्या उन्हातून आले की तो म्हणायचा, "खाला, पानी?" आणि मी मान फिरवून पुढे जायचे.

"खानसाहेब, ऊपर औरत मर रही है. फोन करो."

त्याने काही विचारलं नाही. फोन लावला, पत्ता सांगितला आणि उठला. "यल्ला खाला, आप ऊपर जाओ. फिर लिफ्ट मैं नीचे पकड़ के रखूँगा. कोई हाथ लगा के देखे."

मी लिफ्टने वर आले तर दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. तीसच्या तीस माणसं जिन्याने पसार. मोठ्या ताई सगळ्यात पुढे असणार. टाळ तेवढे सतरंजीवर राहिले होते. आत प्राचीचा झटका थांबला होता आणि ती घोरल्यासारखा श्वास घेत होती. नितीन तिला धरून रडत होता. चटईवर मुलगी रडत होती. मी मुलीला घेतलं. नितीनला म्हटलं, "तू नंतर रड. फ्रिजवरचं पाकीट घे."

हॉस्पिटलमध्ये दुसरा झटका आला. सलाइनमधून औषध चालू केलं, मग थांबला. डॉक्टर केरळची, माझ्या मुलीपेक्षा लहान. बाहेर येऊन तिने पाकीट माझ्यासमोर धरलं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"सिरदर्द कब से था?"

"तीन दिन से."

"उसने बताया नहीं?"

"बताने लगी थी. मैंने चुप कराया."

"क्यों?"

मी सांगितलं. सगळं, बारा दिवसांचं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अम्मा, पेशंट बोलता है, इसलिए हम बचा पाते हैं." एवढंच बोलून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

एका नर्सने चहा आणून दिला, कागदी कपात. बावीस वर्षांत बाहेरच्या हातचं पहिलं. मी प्यायले. साखर जास्त होती. पोलीस आले नाहीत. माझा व्हिसा कोणी बघितला नाही. ज्याला घाबरून एक बाई मरू द्यायची होती, ते आलंच नाही.

संध्याकाळी शारजाला गेले. माझी बॅग दाराबाहेर होती, तेलाच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नीट ठेवलेल्या. ते सुजाताचंच काम. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. सहा वर्षांचा नातू.

"आजी, यू आर नॉट अलाउड."

"आईला बोलाव."

सुजाता दाराआडून बोलली. "आई, ताईंना आधी विचारायचं होतंस."

"विचारलं. त्या तीर्थ पाजत होत्या."

"तू भांडं उडवलंस म्हणे."

"उडवलं. पुन्हा उडवीन."

"मग मी काय करू आई? ह्यांनी व्हिसा कॅन्सल करायला टाकलाय."

"पायाला सूज आहे का तुझ्या?"

 दार लागलं.

व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा असतो. तो महिना मी प्राचीच्या घरी काढला. तेल, शेक, धुरी, सगळं केलं. ती आठवडाभराने घरी आली होती. गोळ्या वेळेवर घेत होती आणि दिवसभर बोलायची. मी विचारलं, "माझा राग नाही आला?" म्हणाली, "आला ना. खूप. पण पाठ फार दुखतेय, आधी ती चोळा." ती पंथातून बाहेर पडली. नितीनला बाहेर पडायला वर्ष लागलं. त्याच्या आईने फोन उचलणं बंद केलं, ते अजून बंद आहे. पुढे त्याला तिकडच्याच उम्म अल कुवैन शहरात एका लहान कारखान्यात काम मिळालं. आधीपेक्षा हलकं, पण त्यासाठी कोणाची श्रद्धा तपासावी लागली नाही.

मी गावी, भोरला परत आले. पहिले काही महिने वाईट गेले. झोप नाही. दुसऱ्याच्या घरी जेवताना घास फिरायचा. सणाला शेजारीण पुरणपोळी घेऊन आली तर मी दार लावून घेतलं आणि मग स्वतःवरच चिडले. बावीस वर्षांची सवय पाकिटासारखी उचलून बाजूला ठेवता येत नाही. काम पुन्हा सुरू केलं तेव्हा एक बाळंतीण काहीतरी सांगायला लागली आणि माझं बोट आपोआप वर गेलं. अर्ध्यात थांबवलं. तेव्हापासून तेल लावायच्या आधी मीच विचारते. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, पाय दाखव. उत्तर आल्याशिवाय बाटली उघडत नाही.

मी भोरला येऊन दीडएक महिना झाला होता तेव्हा एका दुपारी फोन आला. नंबर बाहेरचा. पलीकडे कोणी बोलेना. नुसता श्वास, आणि मागे तान्ह्या बाळाचं कुरकुरणं. मला कळलं.

"सुजाता, बोलू नकोस माझ्याशी, चालेल. पण डोकं दुखत असेल, उजेड सोसत नसेल, नडगीवर खड्डा पडत असेल, तर आत्ताच्या आत्ता खाली जा आणि नातूरला सांग. त्याच्याशी बोल."

 मग अगदी हळू आवाजात, "नाही दुखत. मुलगा झालाय. आज चौथा दिवस."

आणि फोन बंद.

त्यानंतर तिचा फोन नाही. नव्या नातवाचं नाव मला दुसऱ्याकडून कळलं. ती पंथात आहे आणि मोठ्या ताई अजून भजनाला पुढे बसतात, त्यांना कोणी काही विचारलेलं नाही. बाळंतिणीला बोलू द्यावं, याहून मोठं काही मी ह्या कामात शिकले नाही.

प्राची जगली. तिची मुलगी जगली. सुजाता आणि तिचा मुलगा धडधाकट आहेत. मीही आहे.